एका ऐकण्यात पाठ होणारे गाणे : वामनदादा कर्डक यांचे स्मरण

महाराष्ट्रातील लोकगायनाचा इतिहास लिहिताना पोवाडा, लावणी, भारूड आणि गोंधळ या प्रकारांना जे स्थान मिळाले, ते विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीच्या पोटी जन्मलेल्या गीतपरंपरेला फार उशिरा आणि तेही हात राखून मिळाले. वास्तविक १४ एप्रिलच्या जयंतीला वस्त्यावस्त्यांत, दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जी गीते कानी पडतात, ती तोंडपाठ असणाऱ्या माणसांचा समुदाय डोळ्यांपुढे आणला, तर आधुनिक मराठीत इतक्या मुखांतून इतकी वर्षे गायिली गेलेली कविता फार थोडी असेल, हे मान्य करावे लागते. या परंपरेतील सर्वांत लाडके नाव वामन ताबाजी कर्डक यांचे. शिष्य, श्रोते आणि त्यांना कधीही प्रत्यक्ष न पाहिलेली माणसेही त्यांना ‘वामनदादा’ म्हणूनच ओळखतात. दादांचे मोठेपण मोजताना त्यांच्या गीतांच्या संख्येचा उल्लेख वारंवार होतो आणि ती संख्या हजारांच्या घरात सांगितली जाते. परंतु ज्या श्रोत्याला वाचता येत नाही, जो दिवसभराचे काम उरकून रात्री मंडपात येऊन बसला आहे आणि ज्याला तेच गाणे पुन्हा केव्हा ऐकायला मिळेल याची खात्री नाही, अशा श्रोत्याला एका ऐकण्यात कळेल आणि दुसऱ्या ऐकण्यात पाठ होईल असे गाणे रचणे ही एक स्वतंत्र काव्यविद्या आहे. त्या विद्येत वामनदादांइतका अधिकार क्वचितच कोणी मिळवला असेल.

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. सिन्नरचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, म्हणजे डोंगरमाथ्यावर कोसळणारा पाऊस पलीकडच्या पठारापर्यंत पोहोचेतो विरळ होतो. त्यामुळे कोरडवाहू शेतीवर पोट न भरणाऱ्या कुटुंबांना मजुरीसाठी गाव सोडावे लागे. दादा ज्या महार समाजात जन्मले त्याच्या बाबतीत या दारिद्र्याला वतनाच्या बेडीची जोड होती. वतन म्हणजे गावकीची ठरावीक कामे पिढ्यान्‌पिढ्या करण्याचा बांधील हक्क. त्याच्या बदल्यात थोडी जमीन आणि सुगीच्या वेळी धान्याचे बलुते मिळे, पण गावाने बोलावले की रात्री-अपरात्री हजर राहण्याची सक्तीही त्यातच असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या वतनांविरुद्ध १९२० च्या दशकातच विधेयक मांडले होते. मुंबई राज्याने गावकामगार वतने रद्द करणारा कायदा प्रत्यक्षात केला तो १९५८ साली, त्यांच्या निधनानंतर.

दादांचे बालपण ज्या जिल्ह्यात गेले, तो जिल्हा त्या काळात चळवळीच्या अगदी मध्यभागी होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह मार्च १९३० मध्ये सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड यांच्या पुढाकाराने काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा बाबासाहेबांनी केली. पहिल्या घटनेच्या वेळी वामन सात वर्षांचा होता आणि दुसरीच्या वेळी तेरा वर्षांचा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या मुलाच्या कानावर ही वार्ता वर्तमानपत्रातून येणे शक्यच नव्हते. ती माणसांच्या बोलण्यातून आणि जलशांच्या गाण्यांतूनच गावोगाव पोहोचत होती.

जलसा हा प्रकार थोडा विस्ताराने समजून घेतल्याशिवाय वामनदादांचे गाणे कुठून आले हे कळत नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी, खेड्यातील माणूस व्याख्यानाला बसत नाही पण तमाशाला रात्रभर बसतो हे ओळखून, तमाशाचाच साचा उचलला आणि त्यातील आशय बदलला. तमाशाचा क्रम ठरलेला असतो. आरंभी गणपतीला वंदन करणारा गण, मग कृष्ण आणि गौळणींच्या थट्टेची गौळण, त्यानंतर विनोदी संवादांची बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे कथानक असलेले नाट्य. जलशाने गणात देवतेऐवजी सृष्टीच्या निर्मिकाला किंवा समाजाला जागे करणाऱ्या पुरुषाला नमन केले, गौळणीतील छेडछाडीच्या जागी शिक्षणाचा किंवा अंधश्रद्धेचा प्रश्न आणला आणि वगात राजाराणीऐवजी सावकार, भटजी, कुळकर्णी आणि शेतकरी उभे केले. पुढे आंबेडकरी जलशांनी हाच वारसा अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यासाठी वापरला. भीमराव कर्डक, केरू अर्जुन घेगडे, पतितपावनदास अशा शाहिरांनी १९३० च्या दशकापासून जलशाचे फड उभे केले. त्यांतील भीमराव हे नाशिक जिल्ह्यातलेच आणि आडनावानेही कर्डक, त्यामुळे पुष्कळदा दोघांच्या कार्याची गल्लत होते. भीमरावांचे क्षेत्र मुख्यतः जलशाचे म्हणजे नाट्यमय सादरीकरणाचे होते, तर वामनदादांनी जलशातील गाणे नाट्यापासून सोडवून घेतले आणि त्याला स्वतःच्या पायावर उभे केले.

मजुरीसाठी मुंबईत आलेल्या कुटुंबांचा जो अनुभव असतो तोच दादांच्या वाट्याला आला. गिरणीत काम, कोळशाची हमाली, चिक्की आणि आइसफ्रूट विकणे असे हाताला येईल ते त्यांनी केले. त्यांच्या आयुष्याचा हा भाग शिवडीच्या आणि बी.डी.डी. चाळींच्या परिसरात घडला. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची असे आणि तीत एका गावची अनेक माणसे पाळीपाळीने झोपत. जागेच्या या टंचाईमुळे माणसांचे सार्वजनिक आयुष्य व्हरांड्यात, जिन्यावर आणि दोन इमारतींमधल्या पटांगणात चाले. भजनी मंडळ, व्यायामशाळा, समता सैनिक दलाची कवायत आणि रात्रीचे गाणे हे सगळे तिथेच घडे. समता सैनिक दल ही बाबासाहेबांच्या चळवळीतील स्वयंसेवकांची शिस्तबद्ध संघटना होती. दलाच्या शिवडीतील शाखेत जाऊ लागलेल्या या तरुणाला कोणी एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा आपल्याला अक्षर कळत नाही याची लाज त्यांना असह्य झाली. देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी बाराखडी शिकून घेतली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे पक्की केली. ही हकीकत दादा स्वतः सांगत आणि त्यांच्या चरित्रकारांनीही ती नोंदवली आहे. तिचे महत्त्व त्यांच्या जिद्दीपुरते नाही. ज्या वयात इतर कवींच्या डोक्यात छापील कवितांचे पाठ घट्ट बसलेले असतात, त्या वयापर्यंत दादांच्या डोक्यात फक्त ऐकलेले शब्द होते. ओव्या, तमाशाची कवने, भजने, सिनेमाची गाणी आणि सभांतील भाषणे हाच त्यांचा शब्दकोश होता. पुढे लिहिता येऊ लागल्यावरही त्यांनी लिहिले ते कानासाठी.

१९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले आणि ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर केलेले विडंबन होते. तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. आदल्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले होते, नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली होती आणि मुंबईच्या कामगारवस्त्यांत सभांना ऊत आला होता. सभा सुरू होण्यापूर्वी माणसे जमेपर्यंत आणि वक्ता येईपर्यंत व्यासपीठ धरून ठेवण्याचे काम गायकाचे असे. प्रत्येक सभेचा विषय नवा, म्हणून गाणेही नवे लागे, आणि नव्या गाण्याला नवी चाल बसवायला तसेच झील धरणाऱ्यांना, म्हणजे मागून साथीने गाणाऱ्यांना, ती शिकवायला उसंत नसे. अशा वेळी सर्वांच्या कानात आधीच बसलेली सिनेमाची, कव्वालीची किंवा भजनाची चाल घेणे हा सर्वांत शहाणा मार्ग होता. पुढील काळात उसन्या चालींवरून या परंपरेला नाके मुरडली गेली, ते अन्यायाचे होते. ओवी आणि अभंग यांनीही शतकानुशतके ठरलेल्या चालींतच नवा आशय भरला आणि त्यांच्यावर असा आक्षेप कोणी घेतला नाही.

दादांच्या रचनेची घडण बारकाईने पाहिली तर तिचे काही विशेष पुन्हा पुन्हा आढळतात. धृपद, म्हणजे गाण्यात परत परत येणारी मुख्य ओळ, ते फार आखूड ठेवतात आणि गाण्याचा सगळा मुद्दा तीत सांगून टाकतात, म्हणजे अंतरा निसटला तरी श्रोत्याच्या हाती गाणे उरते. अंतऱ्यात यमकांची रेलचेल असते. प्रत्येक अंतऱ्याची अखेरची ओळ धृपदाच्या यमकावर येऊन अशी टेकते की श्रोत्याला पुढचा शब्द कानावर पडण्याआधीच सुचतो आणि तो गायकाबरोबर म्हणू लागतो. शब्द बोलीतले, क्रियापदे कामाची, प्रतिमा शेतातल्या, चुलीजवळच्या आणि कारखान्यातल्या. संस्कृतप्रचुर शब्द येतो तो बहुधा बौद्ध धम्माचा किंवा संविधानाचा पारिभाषिक शब्द म्हणून येतो आणि लगेच पुढच्या ओळीत त्याचा अर्थ साध्या भाषेत उलगडतो. शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ हे नाव गुंफलेले असते. संतांच्या अभंगात आणि शाहिरांच्या कवनात कवीचे नाव येण्याच्या या पद्धतीला नाममुद्रा म्हणतात. छापखाना नसलेल्या परंपरेत कवीच्या हक्काचा तोच एकमेव दस्तऐवज असतो. दादांच्या बाबतीत तो दस्तऐवज पुष्कळदा फाडला गेला, कारण इतर गायकांनी शेवटचा अंतरा गाळून किंवा नाव बदलून त्यांची गीते गायिली. याविषयी दादांच्या मनात कडवटपणा साठल्याचे दिसत नाही.

आशयाच्या दृष्टीने त्यांच्या गीतांना केवळ स्तुतिगीते समजणे ही सर्वांत मोठी चूक आहे. बाबासाहेबांच्या जन्मामुळे कोट्यवधी कुळांचा उद्धार झाला असे सांगणारे त्यांचे गीत आज जवळजवळ प्रार्थनेसारखे म्हटले जाते आणि त्यात संतपरंपरेतील उद्धाराची कल्पना देवाकडून काढून एका माणसाच्या कर्तृत्वाकडे नेलेली आहे. पण त्याच लेखणीने अनुयायांची झाडाझडतीही घेतली. बाबासाहेबांच्या मताची पाच माणसे जरी खरोखर असती तरी त्यांची धार काही वेगळीच असती, असे सांगणारे त्यांचे एक गीत आहे. त्याची बांधणी गझलेच्या वळणाची आहे, म्हणजे प्रत्येक द्विपदीच्या शेवटी तोच शब्द येतो आणि त्याच्या आधी यमक जुळवलेले असते. ‘असते तर’ या संकेतार्थी रचनेमुळे प्रत्येक द्विपदी ही जे घडले नाही त्याची नोंद होते आणि समोर बसलेल्या समुदायाला ती आपल्याविषयीच आहे हे उमगते. लाखांच्या मेळाव्यात लाखांना उद्देशून पाचही नाहीत असे म्हणण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे आणि ते ऐकूनही ज्याच्यावरचे प्रेम कमी होत नाही, असा कवी कोणत्याही चळवळीच्या वाट्याला क्वचित येतो. आणखी एका गीतात त्यांनी देशातील बड्या उद्योगपतींची घराणी नावे घेऊन पुकारली आणि संपत्तीचा साठा कुठे आहे, त्यात कष्टकऱ्यांचा वाटा कुठे आहे, असा रोकडा सवाल केला. जातीचा प्रश्न आणि भाकरीचा प्रश्न वेगळे मानून चालणाऱ्या पुढाऱ्यांच्या काळात दादा दोन्ही एकाच दमात गात होते. नाशिकच्याच दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह लक्षात घेतले तर या गाण्याखालची जमीन दिसते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोन महिने पुरे होण्याच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. नवा धर्म स्वीकारलेल्या लाखो माणसांकडे तेव्हा त्या धर्माचे ग्रंथ, भिक्षू, विहार किंवा सणांचे संकेत यांतील फार थोडे होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला तोही इंग्रजीत. लग्न कसे लावायचे, बारशाला काय म्हणायचे, मृताला निरोप देताना कोणते शब्द उच्चारायचे, जुन्या देव्हाऱ्याचे काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे घरोघर हवी होती. वामनदादा आणि त्यांच्या पिढीच्या गायकांनी ती उत्तरे गाण्यातून दिली. पंचशील म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांपासून दूर राहण्याची पाच व्रते. ती पाली भाषेत म्हणता येण्याआधी मराठी गाण्यातून समजली. बुद्धाच्या चरित्रातील प्रसंग, बाबासाहेबांच्या पत्नी रमाई यांचे कष्ट, महाडच्या तळ्याचे पाणी आणि संविधानाची निर्मिती यांची जी क्रमवार कथा आज प्रत्येक वस्तीतल्या मुलाला ठाऊक असते, तिची पहिली आवृत्ती गाण्यात तयार झाली. याच काळात खेड्यातील स्त्रिया दळताना बाबासाहेबांच्या ओव्या रचत होत्या, हे हेमा राईरकर आणि गी प्वाटवां यांच्या पुढाकाराने झालेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रचंड संकलनातून, ज्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, स्पष्ट दिसते. पुरुष मंडपात गात होते, स्त्रिया जात्यावर. इतिहास दोन्हीकडे एकच बोलला जात होता.

या गाण्याचे साधन म्हणजे गायन पार्टी. एक मुख्य गायक, एक पेटीवाला, एक ढोलकी किंवा तबला वाजवणारा, पुढे बेंजोवाला आणि दोन-तीन कोरस धरणारे, एवढा संच एस.टी.ने किंवा मिळेल त्या वाहनाने कार्यक्रमाला जाई. मुंबईच्या चाळींत कव्वालीच्या धर्तीवर मुकाबले होत, म्हणजे समोरासमोरच्या दोन पार्ट्या रात्रभर गाण्यातून सवाल-जवाब करीत. शाहिरीत फार पूर्वीपासून असलेल्या कलगी-तुऱ्याचे, म्हणजे शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ असा वाद गाण्यातून घालणाऱ्या दोन पक्षांच्या झुंजीचे, हे नवे रूप होते. श्रवण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांसारखे पल्लेदार आवाजाचे गायक याच वातावरणातून पुढे आले. गाणे आवडले की श्रोता उठून पाच-दहा रुपयांची नोट देई आणि त्याचे नाव ध्वनिक्षेपकावर पुकारले जाई. गायकाची कमाई बहुतांशी अशीच गोळा होई. या धंद्यात स्थिर संसाराला जागा नव्हती. दादांचा पहिला संसार मोडला, लहान मुलगी दगावली, दुसरा संसार झाला तरी पाय घरात टिकले नाहीत. झोळीत वह्या टाकून महाराष्ट्रभर आणि महाराष्ट्राबाहेर जिथे मराठी बौद्धांची वस्ती असेल तिथे ते जात राहिले आणि मुक्कामाच्या घरी बसून लिहीत राहिले. या भटकंतीचे गोडवे गाताना तिची किंमत कोणी मोजली हेही लिहिले पाहिजे. ती त्यांच्या घरातल्या माणसांनी मोजली. ज्या समाजाने त्यांना डोक्यावर घेतले, त्याच्यापाशी आपल्या कवीला महिन्याकाठी निश्चित रक्कम देण्याची व्यवस्था मात्र नव्हती.

साठ आणि सत्तरच्या दशकांत दलित साहित्याचे पर्व उभे राहिले. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आणि नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मराठी समीक्षेला आपली मोजमापे बदलावी लागली. दादांचे ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे संग्रहही सत्तरच्या दशकातच आले, पण समीक्षेने त्यांच्याकडे फारसे वळून पाहिले नाही. मुक्तछंदातील विद्रोह तिला आधुनिक वाटला, यमकातील विद्रोह प्रचारकी वाटला. हा निर्णय चुकीचा होता, कारण त्यात कागदावर वाचण्यासाठी लिहिलेल्या कवितेची कसोटी समुदायाने म्हणण्यासाठी रचलेल्या कवितेला लावली गेली होती. गीतातील पुनरुक्ती वाचकाला कंटाळवाणी वाटते, श्रोत्याला तीच आधार देते. छापील पानावर बाळबोध दिसणारी ओळ झील धरणाऱ्या शंभर आवाजांत वेगळा अर्थ धारण करते. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाल्यावर उसळलेल्या हिंसेत घरे जळाली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सुमारे सोळा वर्षे तो लढा चालला. त्या सोळा वर्षांत मोर्चांना ज्यांनी पाय दिले त्यांत गाण्यांचा हिस्सा किती, हे साहित्याच्या इतिहासांत सापडत नाही. चळवळीच्या अंगाने विचार करणाऱ्यांनी मात्र दादांचा मान ओळखला होता. १९९३ मध्ये वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले.

१५ मे २००४ रोजी वामनदादांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या शिष्यांनी आणि अभ्यासकांनी विखुरलेल्या वह्या, जयंतीला विकल्या जाणाऱ्या चार-आठ पानी गीतपुस्तिका आणि गायकांच्या स्मरणातील पाठ यांतून गीते गोळा करण्याचे काम नेटाने केले आहे. २०२२ मध्ये आलेल्या जन्मशताब्दीने त्या कामाला थोडा वेग आला. शब्द बऱ्याच प्रमाणात वाचले आहेत, चाली मात्र तशा वाचलेल्या नाहीत. एकच गीत विदर्भात एका चालीवर, मराठवाड्यात दुसऱ्या आणि मुंबईत तिसऱ्या चालीवर म्हटले जाते, आणि दादांनी स्वतः ते कोणत्या ठेक्यात गायिले हे सांगू शकणारे पेटीवाले, ढोलकीवाले आणि कोरस धरणारे आता वृद्ध झाले आहेत. ऐंशीच्या दशकात निघालेल्या ध्वनिफितींवर अनेकदा गायकाचेच नाव छापले गेले, गीतकाराचे गळाले. त्यामुळे कोणते गीत कोणाचे हा प्रश्न नाममुद्रा, शैली आणि साक्षीदार या तिन्हींच्या आधाराने सोडवावा लागतो. हे काम ग्रंथालयात बसून होण्यासारखे नाही. त्यासाठी गावोगावच्या गायन पार्ट्यांतील जुन्या माणसांसमोर बसून प्रत्येक गीताचा पाठ, चाल, ठेका आणि ते प्रथम कुठे, कोणत्या प्रसंगी ऐकले याची साक्ष एकत्र ध्वनिमुद्रित करावी लागेल. विद्यापीठांचे मराठी आणि संगीत विभाग, तसेच लोककलेच्या अभ्यासासाठी चालणाऱ्या संस्था, यांच्यापाशी त्याची साधने आहेत. चाली जाणणारी माणसे हयात आहेत तोवरच हे काम होऊ शकते.